टाकणखार वाढला

परवा आमच्या नातसुनेनं फोनवर वाण्याला सांगितलं, "साखर संपलीय, दोन किलो पाठवा," आणि मी आतल्या खोलीतून ओरडले, "अगं, वाढलीय म्हण!" ती बिचारी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आजी, वाढलीय तर मागवू कशाला?" बरोबरच होतं तिचं. मी हसले, तीही हसली, साखर आली, चहा झाला. पण माझा चहा कपातच निवला. हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी मला कुणी विचारला असता, तर आमच्या आत्याच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या नसत्या. ते सगळं आता सांगूनच टाकते.

आमचं घर कुंकवाचं. म्हणजे नगरात आमचा कुंकवाचा कारखाना होता. कारखाना म्हटलं की तुम्हाला धुराडं दिसेल, तसलं काही नाही. पुढं राहतं घर, मागं पत्र्याची लांबलचक पडवी, त्यात चार मोठी जाती आणि कोपऱ्यात दोन उखळं. कुंकू कसं होतं ते आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. हळकुंडांचे तुकडे करायचे, त्यावर लिंबाचा रस आणि टाकणखार घालायचा, परतून परतून मुरवायचं, सावलीत वाळवायचं, मग दळून वस्त्रगाळ करायचं. टाकणखार म्हणजे सोनार दागिना सांधताना वापरतात तीच पांढरी पूड. दिसायला मीठ, पण सगळी करामत तिची. ती पडली की पिवळं हळकुंड बघता बघता लाल होतं, आणि ती नसली तर हळद ती हळदच राहते, तुम्ही कितीही लिंबं पिळा. सकाळी जाती सुरू झाली की भांडी फळीवर थरथरायची, आणि त्या घरघरीवर सगुणाबाईचा आवाज चढायचा. सगुणाबाई दळणाऱ्या बायकांतली थोरली. भिंगारहून पायी यायची, भाकरीबरोबर कधी हुलग्याची शेंगोळी आणायची आणि त्यातली वाटीभर माझ्यासाठी राखून ठेवायची. आमच्याकडे मात्र बारा महिने लिंबाच्या सालींचं लोणचं. रस कुंकवात गेला की सालींचं दुसरं करायचं काय? मला अजून लिंबाचं लोणचं ताटात चालत नाही.

घर कुंकवाचं, म्हणून तोंडाला कुलूप. आजी, म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची आई, मी बघितली नाही, पण तिचा नियम आईनं डोळ्यांत तेल घालून पाळला. 'संपलं' म्हणायचं नाही. मीठ संपलं तर मीठ वाढलं. तांदूळ वाढले. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी पिचली, वाढली. नारळ वाढवायचा. बाहेर निघताना येते म्हणायचं. इतर घरांतही हे होतंच, पण आमच्याकडे फार. जेवण वाढायचं, मूल वाढायचं आणि पीठ संपलं तरी तेही वाढायचंच. आम्हाला कधी घोटाळा झाला नाही. रिकामा डबा हातात धरून कुणी 'वाढलं' म्हटलं की कळतंच ना. डबा दिसत असतो.

हा नियम एकटी आत्या मोडायची. ती दादांची थोरली बहीण, दादा तिला अक्का म्हणत. विसाव्या वर्षी परत आली ती कायमचीच. अंगावर विधवेचं आलवण, कपाळ कोरडं. कुंकवाच्या घरात तिनं करायचं काय? आधी स्वयंपाक, मग पाखडणं-निवडणं, आणि असं करत करत एक दिवस मालाची खोली तिच्या ताब्यात आली. कशी आली ते कुणालाच नक्की सांगता आलं नसतं. एवढं खरं, की ती आल्यापासून जाती कधी थांबली नव्हती. दिवसभर तिचे हात मनगटापर्यंत लाल. घाम आला की ती कोपरानं पुसायची. हात उलटा करून, कोपर वर नेऊन, कपाळाला पंजा लागू न देता. मला लहानपणी वाटायचं ही आत्याची लकब आहे, आणि मीसुद्धा तसा घाम पुसायला लागले. आईनं एकदा ते बघितलं आणि माझ्या हातावर चापट मारली. का मारली, ते मला फार पुढं कळलं.

आत्याला वाचता यायचं थोडं, लिहिता येत नव्हतं. पण तिची खोली बघायला हवी होती. दर वस्तूला तिची खूण. हळदीच्या पोत्यांसाठी भिंतीवर बिब्ब्यानं ओढलेली आडवी रेघ, धोब्याच्या खुणेसारखी, जन्मात न जाणारी. तेलाच्या बुधल्याला सुतळी बांधलेली. टाकणखार सागवानी पेटीत असायचा आणि पेटीच्या आत बिब्ब्याची काळी रेघ. माल रेघेखाली गेला आणि रेघ उघडी पडली, की त्याच दिवशी पत्र टाकायचं. मी एकदा विचारलं, पेटी रिकामी झाल्यावर का नाही मागवायचं? तर म्हणाली, "कुसे, भूक लागल्यावर चूल पेटवतात का जोंधळा पेरतात?" मग तिनं मला बोटांवर शिकवलं. पत्र मुंबईला पोचायचे दिवस, व्यापाऱ्यानं माल बांधायचे दिवस, रेल्वेनं आणायचे दिवस. तेवढ्या दिवसांत हळकुंडं किती टाकणखार खातील, तो हिशेब रेघेखाली हवा. आणि वर दोन दिवस रुसव्याचे. कुणीतरी रुसणारच. रेल्वे रुसते, पाऊस रुसतो, व्यापाऱ्याकडे लग्न निघतं. लिंबं श्रीगोंद्याहून गाडीनं यायची, म्हणून लिंबांची खूण अगदी खाली. जास्त ठेवली तर कुजतात. हळद वर्षातून एकदाच, होळीनंतर, सांगलीकडून, म्हणून तिची रेघ छाताडाएवढी उंच. आणि जुनं पोतं आधी फोडायचं. "नाहीतर मागची पोती जावयासारखी बसून राहतात, कुणी ऊठ म्हणत नाही," असं म्हणायची. माझा नातू कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, तो हेच सगळं कम्प्युटरवर करतो म्हणे, आणि त्यासाठी त्याला दोन वर्षं शिकावं लागलं.

तर या खोलीत उभं राहून आत्या खणखणीत 'संपलं' म्हणायची. "लिंबं संपली." "सुतळी संपत आली." आई दारातून कळवळून म्हणायची, "वन्सं, वाढली म्हणा हो, कुंकवाचं घर आहे." आत्या म्हणायची, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संपलं.

लढाईचे दिवस होते. नगरात सोल्जर उदंड, रस्त्यावरून मोठमोठ्या गाड्या जायच्या आणि आमची हळद वाळवणातून उडायची. रॉकेल मिळेना, साखर मिळेना आणि टाकणखार तर समुद्रापलीकडचा, तो मिळेनासा झाला. त्या श्रावणात दादा मुंबईला गेले ते टाकणखारासाठीच. नवरात्र तोंडावर. मोहट्याच्या देवीच्या जत्रेतले दुकानदार दरवर्षी आमचंच कुंकू नेत आणि त्याच दळणावर सगुणाबाई आणि तिच्या जोडीच्या सात जणींची दिवाळी होई. मुंबईच्या व्यापाऱ्यानं टाकणखाराचा एक डबा आधीच रेल्वेनं रवाना केला होता, तो वाटेत कुठंतरी अडकला होता. आत्यानं पेटी उघडली, तर रेघ उघडी पडून तिच्याखाली आणखी चार बोटं रिकामी. तिनं मला हाक मारली. मी चौथीत, घरातली पत्रं लिहिणारी मीच, आणि मला त्याचा भारी दिमाख. आईनं बजावून ठेवलं होतं की लिहिण्याचा घरात उपयोग दिसतोय म्हणून शाळा चालू आहे, नाहीतर मुलीच्या जातीला चौथी पुष्कळ.

आत्यानं सांगितलं ते मला शब्दनशब्द आठवतंय. "लिही, टाकणखार संपत आला. रेल्वेचा डबा आला नाही. रेघ उघडी पडली, मिळेल तिथून घेऊन ये." मी कार्ड घेऊन ओट्यावर बसले. आधी साष्टांग नमस्कार. मग मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले ते. मग मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक पांढरं. मग निळी रिबीन आणा, रुंद. एवढ्यात कार्ड भरलं. खाली एका ओळीची जागा. त्या ओळीत काय मावणार? आणि 'संपत आला' असं अशुभ, तेही दादा परगावी असताना, पत्रात लिहायचं? आत्याला कळत नाही, मला कळतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'टाकणखार वाढला', आणि कार्ड टपालपेटीत टाकून आले. मला वाटलं, मी किती शहाणी.

दादा गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. निळी रिबीन होती, रुंद. टाकणखार नव्हता. आत्या पेटीचं झाकण उघडून वाट बघत उभी. ती म्हणाली, "डबा कुठाय?" दादा म्हणाले, कसला डबा? मोठ्या मिनतवारीनं एक डबा मिळाला होता, पण तुमचं पत्र आलं, म्हटलं रेल्वेचा डबा पोचला. तिथं सोलापूरकडचे एक कुंकूवाले भेटले, महिना झाला त्यांची जाती बंद, माणूस रडकुंडीला आलेला, तो डबा त्यांना दिला. असं म्हणत त्यांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं आणि वाचलं, "'टाकणखार वाढला.' अक्का, दुसऱ्या कुणी कळवलं असतं तर मी समजलो असतो. पण तू सांगितलेलं. तू तर कधी वाढलं म्हणत नाहीस. तू म्हटलंस म्हणजे खरंच वाढला असं धरलं मी."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात तिला सगळं कळलं. कार्ड कसं भरलं, रिबीन कुठून आली, सगळं. आणि मागं दारात आई उभी होती. आत्या दादांना म्हणाली, "वहिनी रोज टोकते, म्हणून या वेळी सांभाळून बोलले. चुकलं माझं."

मी बोलले नाही. हातात रिबीन होती.

दादा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी पेटीत बघितलं, तळाला दोन घाण्यांपुरता, म्हणजे दोनदा मुरवण्यापुरता खार. दोन दिवसांत तो वापरला, मग जाती थांबली. ही एवढी शांतता मी त्या घरात पहिल्यांदा ऐकली. शेजारणी विचारायला आल्या. बाजारातले आमचे एक जुने दुकानदार येऊन दादांना म्हणाले, मी आधीपासून म्हणत होतो, कुंकवावर कुणाचा हात फिरतोय ते बघावं. दादांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण ते बोलणं घरात शिरलं ते शिरलं. आई दुष्ट नव्हती, हे मी तिच्या माघारी शपथेवर सांगते. ती घाबरली होती. नवऱ्याच्या धंद्यावर सावली पडेल म्हणून घाबरली होती. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "थोडे दिवस खोली मी बघते. वन्संनाही विश्रांती होईल." दादांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. आत्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, धुतला, पदरानं पुसला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. हातात दिला नाही. आईनं घ्यायचा तर सोवळ्यातल्यासारखा खालून उचलून घ्यावा, अशी तिनंच सोय केली.

पंधरवड्यात खोली ओळखू येईना. आई बिचारी नजरेच्या अंदाजानं बघायची. जाती बंद असताना श्रीगोंद्याची लिंबं नेहमीसारखी घेतली गेली आणि पोत्यात बुरसली. नवं पोतं पुढं, जुनं मागं. आत्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसायची आणि लिंबांचा कुजका वास आला की तिचे हात थांबायचे. माझ्याशी ती जशीच्या तशी. दूधभाकर कुस्करून द्यायची, केस विंचरायची. एकदा विंचरताना म्हणाली, "ती निळी रिबीन का गं बांधत नाहीस?" मी म्हटलं, मला आवडत नाही. ती म्हणाली, "बांध. आणलीय ना त्यानं." तिनंच बांधली. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

पितृपंधरवडा चालू होता. सगुणाबाई आली, एकटीच. बाकीच्या जणी लष्कराच्या कामावर खडी फोडायला जात होत्या, आणि तिचे हात बघितले तर फोड आलेले. ती पडवीच्या कडेला टेकली आणि दादांना म्हणाली, "दादा, जाती कवा लागायची तेवढं सांगा. पोरींना खडी झेपत न्हाई. आन एक सांगू का, लहान तोंडी मोठा घास हुतोय. आत्याबाईंच्या हातनं बारा वर्सांत लिंबू कुजलं न्हाई. खार कुठनं चुकंल? चुकलं आसंल दुसऱ्याचं."

ती माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती. पण मला वाटलं सगळी पडवी माझ्याकडे बघतेय. मी जात्याच्या खुंट्याला धरून उभी होते. म्हटलं, "मी लिहिलं. आत्यानं संपत आला सांगितलं होतं. मी वाढला लिहिलं. जागा नव्हती, आणि संपलं म्हणायचं नसतं म्हणून." आणि मग जे रडू आलं त्यात मी सांगितलं की मला शाळेतून काढा, पण किल्ल्या तिला द्या.

दादांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि न लावता परत ठेवला. मग म्हणाले, "संपलं म्हणू नये हा नियम घरात कुणी घातला?" आई म्हणाली, "तुमच्याच आईंनी." दादा म्हणाले, "हं." आणि सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. हसू नये तिथं हसली, पण त्या हसण्यानं आम्ही सगळे सुटलो.

दादा स्वतः स्वयंपाकघरात गेले. मी दाराशी. त्यांनी किल्ल्या आत्यासमोर धरल्या आणि विचारलं, "अक्का, पोरीचं का पांघरलंस?" आत्या म्हणाली, "तिची शाळा राहावी म्हणून. माझं काय, मी कुठंही शेंगा फोडते." मग किल्ल्या न घेताच ती बोलली, आणि तेवढं मी तिला एकदाच बोलताना ऐकलं. "बाळ, तुमची बांगडी पिचली की म्हणता वाढली. माझ्या मात्र फोडल्या. तेव्हा कुणी वाढल्या म्हटलं नाही. शब्दसुद्धा माणूस बघून देता तुम्ही. देवघरात काय म्हणायचं ते म्हणा. खोलीत संपलं ते संपलंच म्हणायचं, तर किल्ली घेते." आई दारात माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणू, वन्सं."

टाकणखार काही आकाशातून पडला नाही. तो रेल्वेचा डबा तर शेवटपर्यंत आलाच नाही. आत्यानं दादांना सोनारांकडे पिटाळलं, त्यांच्याकडे चिमूट चिमूट असतो म्हणून. दोघांनी दिला, बाकीच्यांनी हात जोडले. एक घाणा झाला, तो जुन्या गिऱ्हाइकांना थोडा थोडा पुरवला. पण आत्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. हळदीची पोती रेघेच्या कितीतरी वर होती. म्हणाली, "कुंकू होत नाही, हळद तर होते? देवीला दोन्ही लागतं." दुसऱ्या दिवशी सगुणाबाई साती जणींना घेऊन आली, जाती लागली, आणि त्या वर्षी मोहट्याला आमची हळद गेली. कुंकवाएवढं सुटलं नाही, पण खडी सुटली. त्या दिवसांत पडवी सगळी पिवळी. आत्याचे हातही पिवळे. चाळता चाळता तिला घाम आला आणि तिनं तो सरळ तळहातानं पुसला, कोपर वर न नेता. कपाळावर हळदीचा पट्टा उमटला. सगळ्याजणींनी बघितला, आईनंही. आई एवढंच म्हणाली, "वन्सं, पाणी घ्या, दमलात."

माझी शाळा पुढं सुटलीच, सातवीच्या आत लग्न ठरलं, पण त्या पत्रापायी सुटली नाही. संगमनेरला सासरी गेले तेव्हा आत्यानं मला दागिना काय देणार? सुपारीच्या डबीत बिब्बे दिले. मी सासरच्या कोठीत पहिल्याच आठवड्यात ज्वारीच्या कणगीला आतून रेघ ओढली, तर सासूबाईंना वाटलं मी करणी करतेय. असो.

आत्या गेली तेव्हा मी बाळंतीण होते, मला जाता आलं नाही. दादांचं कार्ड आलं. त्यांचं अक्षर कापायला लागलं होतं, तरी कार्डावर भरपूर जागा मोकळी होती. दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'अक्का काल सकाळी गेली. खोली उघडून बघितली, सगळं खुणेच्या वर आहे.'